नव्या गाडीचं इंजिन ऑइल पहिल्यांदा कधी बदलायचं?

नवी गाडी 1,000 किमीच्या पहिल्या फ्री सर्व्हिसिंगला नेली की हा प्रश्न हमखास येतो. घरातले जाणते सांगतात, "पहिलं ऑइल लगेच काढून टाक, त्यात लोखंडाचा कीस असतो." सर्व्हिस सेंटरवालेही कधीकधी तेच सुचवतात. लेबर फ्री असली तरी ऑइलचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात, हे लक्षात ठेवा.

जुन्या गाड्यांसाठी हा सल्ला बरोबर होता. आजही नव्या इंजिनात धातूचे बारीक कण सुटतात, पण पार्ट्सचं मशीनिंग खूप अचूक झालंय आणि सुटलेले कण ऑइल फिल्टर अडवतो. त्यामुळे पहिल्या सर्व्हिसिंगला सहसा फक्त तपासणी असते. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ऑइल बदलायची मुदत 10,000 किमी किंवा 1 वर्ष, यातलं जे आधी होईल ते, अशी असते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा ओनर्स मॅन्युअलमध्ये बघा, शेजाऱ्याच्या गाडीचा नको.

खरी चूक होते ती त्या "1 वर्ष"मध्ये. वर्षात गाडी 3,000 किमीच चालली तर अजून 7,000 शिल्लक आहेत असं वाटतं. पण कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइलही खराब होतं. घर ते मंडई अशा 2-3 किमीच्या फेरीत इंजिन नीट तापतच नाही. न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते, आणि ती उडून जायला लागणारी उष्णता मिळत नाही. मग ऑइल पातळ होतं, गाळ धरतो. छोट्या फेऱ्या, धूळ, सततचं ट्रॅफिक यांसाठी मॅन्युअलमध्ये अनेकदा वेगळी, कमी मुदत दिलेली असते. शहरातल्या बऱ्याच गाड्या त्यातच मोडतात!

ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेल गाडीत ते लवकरच काळं होतं. पातळी मात्र महिन्यातून एकदा बघा: गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी, डिपस्टिक पुसून परत घालून. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. बीएस6 डिझेल गाडीत ती वरच्या खुणेच्याही वर गेली असेल तर ऑइलमध्ये डिझेल मिसळत असू शकतं. तेव्हा मुदतीची वाट न बघता गाडी दाखवा.

जॉब कार्डवर सही करण्याआधी ऑइलचा ग्रेड (0डब्ल्यू-20, 5डब्ल्यू-30 वगैरे) मॅन्युअलशी जुळतोय का तपासा. "इंजिन फ्लशिंग" शेड्यूलमध्ये नसेल तर सरळ नाही म्हणा. आणि बिल जपून ठेवा, कारण इंजिनचं काम निघालं तर वॉरंटीसाठी तेच मागतात.