शेजाऱ्यांशी व्यापार : विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतले सहा गैरसमज

राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्राच्या एम.ए.ला प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली की 'दक्षिण आशियातील प्रादेशिक सहकार्य' हा विषय हमखास पुढे येतो. विषय महत्त्वाचा आहे आणि त्यावर मराठीतून गंभीर काम व्हायला भरपूर वाव आहे. मात्र या विषयातली काही विधाने एका प्रबंधातून दुसऱ्या प्रबंधात न तपासता उतरवली जातात. अशा प्रबंधांचा भर शिखर परिषदांच्या घोषणांवर आणि नेत्यांच्या भाषणांवर असतो. प्रत्यक्षात देशांचे आर्थिक सहकार्य सीमाशुल्काच्या यादीत, कराराच्या परिशिष्टात आणि सीमेवरच्या मालधक्क्यावर ठरते. म्हणून वारंवार भेटणाऱ्या सहा गैरसमजांची ही तपासणी.

गैरसमज १ : सार्क (दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना) अपयशी ठरली ती केवळ भारत-पाकिस्तान वैरामुळे.

वस्तुस्थिती : या वैराचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात मान्य झालेल्या सनदेच्या दहाव्या कलमानुसार सार्कचे निर्णय एकमतानेच होतात. त्यामुळे एका देशाचा नकार सगळ्यांना थांबवू शकतो. २०१४ साली काठमांडूत अठरावी शिखर परिषद झाली. २०१६ची इस्लामाबादची परिषद काश्मीरमधल्या उरीच्या दहशतवादी हल्ल्यानंतर होऊ शकली नाही, आणि त्यानंतर एकही झालेली नाही.

पण भारत-बांगलादेश, भारत-नेपाळ किंवा भारत-श्रीलंका व्यापाराच्या वाटेत पाकिस्तान येत नाही, तरी तिथेही अडथळे आहेतच. दक्षिण आशियाई देशांच्या एकूण व्यापारात आपापसातल्या व्यापाराचा वाटा जेमतेम ५ टक्के आहे, तर आसियान देशांत तो सुमारे २५ टक्के. जागतिक बँकेच्या २०१८च्या अहवालाने हिशेब मांडला की २३ अब्ज डॉलरचा हा व्यापार मानवनिर्मित अडथळे दूर झाले तर ६७ अब्जांपर्यंत जाऊ शकतो. त्या अहवालाने चार कारणे पुढे ठेवली : सीमाशुल्क व त्यावरचे उपकर, शुल्काबाहेरचे नियम, दळणवळणाचा खर्च आणि परस्पर अविश्वास. वैर हे शेवटच्या कारणात येते. आधीची तीन कारणे न अभ्यासता लिहिलेला प्रबंध अपुराच राहतो.

गैरसमज २ : मुक्त व्यापार करार झाला की व्यापार मुक्त होतो.

वस्तुस्थिती : दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारावर, म्हणजे साफ्टावर, जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादेत सह्या झाल्या आणि १ जानेवारी २००६ पासून तो अमलात आला. पण प्रत्येक देशाने 'संवेदनशील यादी' ठेवली. त्या यादीतल्या वस्तूंना शुल्कसवलत लागू होत नाही. जागतिक बँकेच्या त्याच अहवालानुसार या भागातला एक तृतीयांशाहून अधिक व्यापार अशा याद्यांमुळे सवलतीच्या बाहेर राहिला.

सवलत मिळाली तरी गोष्ट संपत नाही. भारताने २०११ साली अल्पविकसित शेजाऱ्यांसाठीची आपली यादी ४८० वस्तूंवरून २५ वर आणली. मुख्यतः मद्य आणि तंबाखू एवढेच त्यात उरले. बांगलादेशासाठी हे फार मोठे दार उघडले होते. त्याच भारताने जानेवारी २०१७ मध्ये बांगलादेश आणि नेपाळच्या ताग-उत्पादनांवर अँटी-डम्पिंग शुल्क लावले. यादीत नसलेल्या वस्तूवर अशा रीतीने वेगळ्या वाटेने शुल्क बसले. बांगलादेशही आयातीवर सीमाशुल्काखेरीज नियामक शुल्क व पूरक शुल्क लावतो. त्यामुळे सीमाशुल्काचा तक्ता पाहून बाजार खुला आहे असे म्हणता येत नाही.

करार असूनही व्यापार अडतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याचा बांगलादेश हा मोठा ग्राहक. सप्टेंबर २०१९ मध्ये आणि पुन्हा १४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर बंदी घातली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आले, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी. ती मे २०२४ मध्ये उठली, पण निर्यात शुल्क शून्यावर यायला १ एप्रिल २०२५ उजाडले. या सगळ्या काळात साफ्टा लागू होता. हा करार मुख्यतः आयात शुल्काविषयी बोलतो आणि अन्नपदार्थांच्या टंचाईत तात्पुरत्या निर्यातबंदीची मुभा गॅट या जागतिक व्यापारविषयक कराराच्या अकराव्या कलमातच आहे. नाशिकजवळच्या लासलगावच्या कांदा बाजारात भाव पडले, ढाक्यात भडकले, आणि बांगलादेशाने म्यानमार, तुर्कस्तान, इजिप्तकडून कांदा मागवला. शेतकऱ्याने अनेक वर्षांत मिळवलेला ग्राहकाचा विश्वास एका अधिसूचनेने डळमळीत होतो. त्या विश्वासाची किंमत शोधणे हा एका चांगल्या प्रबंधाचा विषय आहे.

गैरसमज ३ : शेजारी देशाशी व्यापार नैसर्गिकरीत्याच स्वस्त पडतो.

वस्तुस्थिती : १९६२ साली यान टिनबर्गेन यांनी मांडलेल्या गुरुत्वाकर्षण प्रतिमानानुसार अर्थव्यवस्था जितक्या मोठ्या आणि अंतर जितके कमी, तितका व्यापार अधिक. दक्षिण आशियात हे अनुमान प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त आकडे देते. जागतिक बँकेच्या अभ्यासानुसार भारतीय कंपनीला दक्षिण आशियाई शेजाऱ्यापेक्षा ब्राझीलशी व्यापार करणे सुमारे २० टक्के स्वस्त पडते.

कारण सीमेवर दिसते. पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलहून माल बांगलादेशातल्या बेनापोलला जातो. भारतीय ट्रक पलीकडच्या आवारात माल उतरवतो आणि तिथून तो बांगलादेशी ट्रकमध्ये चढवला जातो. ही सीमा ओलांडायला कित्येक दिवस लागतात. पूर्व आफ्रिकेत तेवढीच वर्दळ असलेल्या सीमेवर सहा तासही लागत नाहीत, असे जागतिक बँकेच्याच २०२१च्या अभ्यासात नोंदवले आहे. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी ट्रक थेट जाऊ देण्याचा करार जून २०१५ मध्ये थिंफूत केला. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने त्याला मान्यता दिली नाही, आणि करार आजही पूर्णपणे अमलात आलेला नाही. सहीच्या तारखेवर थांबणाऱ्या विद्यार्थ्याला हे दिसत नाही.

गैरसमज ४ : सार्कने युरोपीय संघासारखे व्हायला हवे होते.

वस्तुस्थिती : बेला बलासा यांनी १९६१ साली एकात्मतेच्या पायऱ्या सांगितल्या : मुक्त व्यापार क्षेत्र, सीमाशुल्क संघ, सामायिक बाजार, आर्थिक संघ आणि पूर्ण एकात्मता. पहिल्या पायरीवर सदस्य आपसातले शुल्क काढतात, पण बाहेरच्यांसाठी प्रत्येकाचे शुल्क वेगळे असते. म्हणून माल मूळचा कुठला हे ठरवणारे उगम-नियम लागतात. दुसऱ्या पायरीवर बाहेरच्यांसाठी सर्वांचे शुल्क एकच होते. आसियानने सीमाशुल्क संघ न करताही आपापसातला व्यापार वाढवला. पायऱ्या वर चढलेच पाहिजे असा नियम नाही.

युरोपाची सुरुवातही भव्य स्वप्नापेक्षा नेमक्या कामाने झाली. दुसरे महायुद्ध संपून सहा वर्षे होतात न होतात तोच, १९५१ साली, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीसह सहा देशांनी फक्त कोळसा आणि पोलाद एका सामायिक अधिकार-मंडळाखाली आणले. आधी संपूर्ण मैत्री आणि मगच व्यापार, असा क्रम तिथे नव्हता. दक्षिण आशियासाठी खरा प्रश्न असा आहे : आपल्याकडे असे नेमके क्षेत्र कोणते? वीज, असे एक उत्तर देता येते. २०१४च्या काठमांडू परिषदेत ऊर्जा सहकार्याचा करार झाला, आणि नेपाळची जलविद्युत आज भारतात येते.

गैरसमज ५ : आरसेपमधून बाहेर पडून भारताने व्यापार करारांकडे पाठ फिरवली.

वस्तुस्थिती : भारताने ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये आरसेप या आशिया-प्रशांत देशांच्या व्यापार करारात न जाण्याचा निर्णय जाहीर केला. पण आसियान, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्याशी भारताचे करार आधीपासूनच होते. मोठा नवा प्रश्न होता तो आरसेपमधल्या चीनचा. त्यानंतर संयुक्त अरब अमिरातींशी फेब्रुवारी २०२२ मध्ये, ऑस्ट्रेलियाशी एप्रिल २०२२ मध्ये, स्वित्झर्लंड, नॉर्वे आदी देशांच्या एफ्टा गटाशी मार्च २०२४ मध्ये आणि ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाले. धोरण बदलले ते जोडीदारांच्या निवडीत.

अशा प्रत्येक करारापुढे जेकब वाइनर यांचा १९५० सालचा प्रश्न ठेवावा : या कराराने नवा व्यापार निर्माण झाला, की बाहेरच्या स्वस्त पुरवठादाराकडून आतल्या महाग पुरवठादाराकडे तो फक्त वळला? निर्यातीचा आकडा वाढला एवढ्यावरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

गैरसमज ६ : व्यापाराचा आकडा एकच असतो, तो कुठूनही घ्यावा.

वस्तुस्थिती : भारताची बांगलादेशाला झालेली निर्यात आणि बांगलादेशाची भारतातून झालेली आयात हे आकडे क्वचितच जुळतात. निर्यातीच्या मूल्यात बंदरापर्यंतचा खर्च धरतात. आयातीच्या मूल्यात वाहतूक आणि विमाही येतो. भारताचे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, बांगलादेशाचे जुलैला. सीमेवरचा नोंद नसलेला व्यापार दोन्हीकडे दिसत नाही. म्हणून आकड्याखाली स्रोत, कालावधी आणि मूल्यमापनाची पद्धत लिहिणे हा संशोधनातला प्रामाणिकपणा आहे. तीन वेगळ्या स्रोतांतून घेतलेली तीन वर्षे एका आलेखात जोडली, तर तो आलेख खोटे बोलतो.

मग सुरुवात कुठून करावी?

विषय लहान करावा. 'सार्क : यश आणि अपयश' असा विषय घेण्याऐवजी एक वस्तू, एक सीमा आणि पाच-सात वर्षे घ्यावीत. कराराचा मूळ मजकूर आणि त्याची परिशिष्टे वाचावीत. ती खुली आहेत. भारत सरकारची आयात-निर्यात आकडेवारी आणि संयुक्त राष्ट्रांचा कॉमट्रेड हा विदासंच घरबसल्या पाहता येतो. केंद्राच्या अधिसूचनांच्या तारखा आणि बाजार समितीतले त्या आठवड्यांचे भाव शेजारी ठेवले, की प्रश्न आपोआप उभे राहतात. दिल्लीतल्या ग्रंथालयाची वाट पाहायचे कारण नाही. लासलगावचा निर्यातदार, जवाहरलाल नेहरू बंदरावरचा कस्टम हाउस एजंट हे या विषयाचे जाणकार आहेत. त्यांना विचारायला आधी कलम आणि यादी वाचून जावे.

पुढचा विषयही समोर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२१च्या ठरावानुसार बांगलादेशाने अल्पविकसित देशांच्या गटातून बाहेर पडायचे वेळापत्रक नोव्हेंबर २०२६ असे ठरले. त्या गटासाठी भारताने अवघ्या २५ वस्तूंवर आणलेली संवेदनशील यादी मग बांगलादेशाला कशी लागू राहणार? तयार कपड्यांच्या भारतीय उद्योगावर आणि बांगलादेशी कामगारांवर त्याचा काय परिणाम होणार? हे प्रश्न अजून खुले आहेत. त्यांची नीट तपासलेली उत्तरे मराठी विद्यार्थ्यांनी द्यावीत, कारण ज्या शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या पोटाशी हे निर्णय जोडलेले आहेत, त्याला ते त्याच्या भाषेत समजण्याचा हक्क आहे.