दोन बोटं माया

तुळशीचं लग्न लागलं की नाशकात घराघरांत पत्रिकांचा ढीग साचू लागतो आणि मेनरोडमागच्या गल्लीतल्या आमच्या टेलरकाकांची झोप उडते. "आता टाकलंत तर संक्रांतीला मिळेल," हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य. तयार कपड्यांची दुकानं कॉलेज रोडला ओळीनं उभी आहेत, तरी काकांकडची गर्दी हटत नाही. माप घेण्याआधी ते एकच विचारतात, "कुणाकडे जायचंय?" पुरुषांनी कुठल्या प्रसंगाला काय घालावं, याचं निम्मं उत्तर या प्रश्नातच आहे. प्रसंग ज्याचा, मान त्याचा. आपला कपडा त्या मानाला शोभला म्हणजे झालं.

लग्नाचंच घ्या. नवरदेवाला एका दिवसात तीन सोंगं वठवायची असतात: विधींना सोवळं-उपरणं, वरातीला शेरवानी नि फेटा, संध्याकाळच्या स्वागताला सूट. पाहुण्यानं नवरदेवाच्या एक पायरी खाली राहावं. तो शेरवानीत असेल तर आपण कुर्ता-जाकीट. तो सुटात असेल तर साधा ब्लेझर. गावाकडे तर टॉवेल-टोपीचा मान अजून मोठा. तिथं कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पायजमा नि टोपी एवढ्यावर माणूस पहिल्या रांगेत बसतो.

मी मात्र निफाडकडच्या एका लग्नात, वैशाखातल्या भर दुपारच्या मुहूर्ताला, टेरीवूलचा काळा सूट घालून गेलो होतो. मंगलाष्टकं संपेपर्यंत अस्तर पाठीला चिकटलं आणि अक्षता टाकायला हात वर करवेना. काकांनी नंतर तोच कोट उलटा करून दाखवला. "पूर्ण अस्तर आहे. हा पौष-माघाचा कोट. उन्हाळ्यात अर्ध्या अस्तराचा शिवायचा, लिननचा नाहीतर हलक्या वूलचा." खरंच आहे. निफाडला थंडीत दवाचा बर्फ होतो. त्याच मांडवात, त्याच कोटात, डिसेंबरात मी शहाणा ठरलो असतो.

उन्हाचा विचार कायद्यानंही केला आहे. उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतर न्यायालयांत वकिलांना काळ्या कोटाची सक्ती नाही. नोकरीच्या मुलाखतीचा हिशेब त्याहून सोपा: गडद निळा किंवा राखाडी रंग, फिका शर्ट, पट्टा नि बूट एकाच रंगाचे. तुम्ही गेल्यावर समोरच्याला तुमची उत्तरं आठवावीत, टाय नव्हे.

गोदाघाटावर मात्र टेलरचं काही चालत नाही. रामकुंडावर दशक्रियेला जाताना पांढरा, साधा कपडा. इस्त्री मोडलेली असली तरी कुणी बघत नाही, भडक रंग मात्र सगळे बघतात. त्र्यंबकेश्वरी गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना सोवळं नेसावं लागतं. आपला सगळ्यात औपचारिक पोशाख हा असा, एकही शिवण नसलेला.

रामकुंडापासून चार पावलांवर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथं मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे काही वर्षं लढवला. पैठणी आणि पीतांबरासाठी नावाजलेल्या येवल्यातच १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. सुटाला साहेबाची नक्कल म्हणून हसणाऱ्यांनी चौकाचौकांतले त्यांचे पुतळे पाहावेत. चांगलं कापड अंगावर घेण्याचा हक्कच ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेला, त्यांच्या घरात सूट हा स्वाभिमानाचा पोशाख झाला. तिथं भीमजयंतीला कोट घालून निघालेल्या माणसाला "उकडत नाही का?" असं विचारू नये.

आता खरेदीचं. कोट घेताना आधी खांदा बघावा. बाही आखूड करता येते, कंबर सैल करता येते. खांदा उतरला तर सगळा कोट उसवावा लागतो. शर्टाची बाही कोटाबाहेर अर्धा इंच दिसावी, कोटाचं खालचं बटण उघडं ठेवावं. आणि शिवणीत माया किती सोडली आहे, ते आतून चाचपून पाहावं. तयार कोटात ती बहुधा बोटभरही नसते.

गेल्या महिन्यात माझा तीस वर्षांपूर्वीचा, लग्नातला कोट घेऊन लेकाबरोबर काकांकडे गेलो. पोरगा माझ्याहून रुंद. काकांनी बाजूची शिवण उसवली, तर आत दुमडलेली चांगली दोन बोटं माया निघाली. बाहेरचा निळा विटून राखाडी झालेला, आतली पट्टी मात्र कालच ताग्यातून कापल्यासारखी गडद.

"दोन रंग दिसतील ना?" मी विचारलं.

"बगलेखाली येतंय, दिसायचं नाही." त्यांनी टाचण्या लावल्या आणि पोराकडे वळले. "कुणाकडे जायचंय?"

"मुलाखतीला."

"मग वरच्या खिशातलं ते पेन काढ आधी. कोट ओढतोय."