तारेवर कोण आहे, हे कर्नलला कोण सांगतं?

पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला की काही क्षणांत तो पडद्यावर हजर होतो. तेवढ्यात बरंच काही उरकलेलं असतं. यंत्र त्याला आधी शून्य पत्त्यावर गाठतं, तो १८ बाइटांची आपली माहिती पुढे करतो, त्यात बनवणाऱ्या कंपनीचा आणि वस्तूचा क्रमांक असतो, आणि मग त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता मिळतो. पीसीआयवरच्या कार्डांचंही साधारण असंच. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एकेका जागी डोकावून १६ बिटांचा कंपनी-क्रमांक वाचतो. सगळे बिट १ आले तर तिथे कुणी नाही. इंटेलचा हा क्रमांक हेक्साडेसिमलमध्ये ८०८६ आहे, म्हणजे ज्या प्रोसेसरने कंपनीला नावारूपाला आणलं त्याचाच. हे ज्याला सुचलं त्याला दाद द्यायला हवी.

पण त्याच लॅपटॉपमध्ये अशाही चिप्स असतात, ज्या आपणहून कधीच नाव सांगत नाहीत. तापमान मोजणारी चिप, घड्याळाची चिप, रॅमच्या पट्टीवरची छोटी मेमरी. यातल्या बऱ्याचशा ‘आय-टू-सी’ नावाच्या बसवर, म्हणजे सामाईक तारांवर, असतात. ही बस फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आणली. टीव्हीच्या पोटातल्या चिप्सना एकमेकींशी कमीत कमी तारांत बोलता यावं, एवढीच गरज होती. म्हणून तारा फक्त दोन: एक ठोक्यांची, एक माहितीची.

या दोन तारांवरचं बोलणं जवळून पाहण्यासारखं आहे. दोन्ही तारा एरवी वरच्या व्होल्टेजवर असतात. ठोक्यांची तार वर असतानाच कर्नलच्या हुकमावरून बसचा कंट्रोलर माहितीची तार खाली ओढतो. ही सुरुवातीची खूण. मग सात ठोक्यांत सात बिटांचा पत्ता जातो आणि आठव्यात ‘वाचायचंय की लिहायचंय’ ते. नवव्या ठोक्याला कंट्रोलर तार सोडून देतो आणि वाट पाहतो. तो पत्ता ज्या चिपचा असेल ती तार खाली धरते. बस्स, एवढंच उत्तर. ‘आहे.’ कोण आहे, काय करते, कुणी बनवली, यातलं अक्षरही नाही.

शिवाय सात बिटांत पत्ते होणार १२८. त्यातले १६ राखीव, उरले ११२. चिप्सचे प्रकार मात्र हजारोंच्या घरात. त्यामुळे एकाच पत्त्यावर अनेकांचा हक्क. हेक्साडेसिमल ६८ (आपल्या मोजणीत १०४) हा पत्ता डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचा आहे आणि एमपीयू-६०५० या हालचाल ओळखणाऱ्या चिपचाही. तारेवरून ‘६८ आहे’ असं कळलं तरी समोर घड्याळ आहे की जायरोस्कोप, हे कळायला मार्ग नाही. काही चिप्सच्या आत ओळख सांगणारं रजिस्टर असतं, पण ते कितव्या क्रमांकावर हे प्रत्येकीचं वेगळं. डीएस३२३१ मध्ये तर ते मुळातच नाही.

मग कर्नलने सरळ सगळे पत्ते ठोकून का पाहू नयेत? पाहता येतात, आय-टू-सी-डिटेक्ट नावाचा प्रोग्रॅम तेच करतो. पण त्याच्या माहितीपुस्तिकेत एक जुनी जखम नोंदलेली आहे. आयबीएमच्या अनेक थिंकपॅड लॅपटॉपमध्ये अ‍ॅटमेलची एटी२४आरएफ०८ नावाची मेमरी चिप होती. पत्ता पाठवून लगेच थांबायचं, अशी निरुपद्रवी वाटणारी चौकशी केली तरी तिच्यातली माहिती बिघडायची. बरं, लिहिण्याऐवजी वाचून चौकशी करावी, तर फक्त लिहून घेणाऱ्या काही चिप्स अख्खी बसच अडवून धरतात. तारेवर विचारणं आणि करणं यांत फरकच नसतो. मला तरी या सगळ्यातली ही सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते.

म्हणून लिनक्समध्ये नियम उलटा आहे: आय-टू-सीवर काय आहे ते कर्नल शोधत नाही, त्याला ते जाहीर करावं लागतं. जमीन कुणाची हे जमिनीला विचारून कळत नाही, सातबारा पाहावा लागतो, तसंच हे.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर हे हाताने करून बघता येतं. पाय ५ येण्याआधीच्या बोर्डांवर स्वतःचं घड्याळ नव्हतं, इंटरनेट नसेल तर वेळेचा पत्ता नाही. डीएस३२३१ च्या चार तारा जोडल्या तरी कर्नल ढिम्म. आय-टू-सी-डिटेक्टच्या तक्त्यात ६८ उमटतं खरं, पण पुढे काही हलत नाही. मग त्या बसच्या फोल्डरमधल्या ‘न्यू डिव्हाइस’ फाइलमध्ये एक ओळ लिहायची: चिपचं नाव आणि पत्ता. ती फाइल डिस्कवर नसतेच, ती थेट कर्नलच्या कानाशी लागलेली आहे. ओळ पोचताक्षणी कर्नल उपकरणाची नोंद करतो, त्या नावाचा ड्रायव्हर, म्हणजे चिप हाताळणारा प्रोग्रॅम, शोधतो आणि त्याचं ‘प्रोब’ फंक्शन चालवतो. पुन्हा तक्ता काढला तर ६८ च्या जागी ‘यूयू’: इथे ड्रायव्हर बसलाय, हात लावू नका.

आणि नाव खोटं सांगितलं तर? कर्नल विश्वास ठेवतो. फार तर ड्रायव्हर आपल्या परीने पडताळून नकार देतो, नाहीतर मुकाट्याने भलतेच आकडे वाचत बसतो.

रोज हाताने ओळ कोण लिहिणार? पूर्वी एआरएम प्रोसेसरच्या प्रत्येक बोर्डासाठी अशा याद्या सी भाषेत थेट कर्नलच्या आत लिहिलेल्या असत. बोर्ड वाढत गेले तसा त्यांचा ढीग झाला, आणि मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एआरएमवाल्यांना खरमरीत शब्दांत सुनावलं. तोडगा नवा नव्हता. सन आणि अ‍ॅपलच्या यंत्रांत वापरलेल्या ओपन फर्मवेअरमध्ये ‘डिव्हाइस ट्री’ आधीपासून होतं. त्याचं मानक १९९४ चं. हार्डवेअरचं वर्णन वेगळ्या मजकुरात लिहायचं, त्याची छोटी बायनरी फाइल करायची आणि यंत्र सुरू होताना ती कर्नलच्या हाती द्यायची. त्या फाइलचे पहिले चार बाइट हेक्साडेसिमलमध्ये वाचले तर चक्क ‘डूड फीड’ असं दिसतं. गंभीर लोकांनाही गंमत सुचते.

यादी हाती आली तरी सगळं एका दमात जुळत नाही. चिपला वीज देणारा रेग्युलेटरच अजून जागा झालेला नसेल तर? तेव्हा ड्रायव्हर उणे ५१७ हा आकडा परत करतो. अर्थ एवढाच की आता नाही, नंतर या. कर्नल अशांना बाजूला बसवतो आणि दुसरं एखादं उपकरण मार्गी लागलं की त्यांना पुन्हा बोलावतो. यंत्र सुरू होताना हे असं कितीदा तरी चालतं.

डिव्हाइस ट्रीमध्ये चिपचं नाव ‘कंपनी, स्वल्पविराम, भाग’ असं लिहितात. घड्याळाच्या चिप्सच्या या घराण्याची मूळ कंपनी डॅलस सेमीकंडक्टर. ती २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली आणि मॅक्सिम २०२१ मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसने. कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये मात्र जुनी डीएस१३०७ अजून ‘डॅलस’चीच आहे आणि डीएस३२३१ ‘मॅक्सिम’ची. ती नावं बदलायची सोय नाही, कारण तीच नावं लिहिलेल्या फाइली असंख्य यंत्रांत जाऊन बसल्या आहेत आणि त्या यंत्रांना रोज सुरू व्हायचं असतं.