भास थांबले, मग अभ्यास का होत नाही?

कानात येणारे आवाज थांबलेत. कुणीतरी पाठलाग करतंय ही भीतीही ओसरलीय. तरी एकोणीस वर्षांचा मुलगा तेच पान चौथ्यांदा वाचतोय. दही, काड्यापेटी आणि कोथिंबीर आणायला पाठवलं, तर नुसतं दही घेऊन परततो. सायकोसिसमधून सावरणाऱ्या मुलामुलींच्या घरी हे रोजचंच, आणि ‘आळशी झालाय’ हा शिक्का फार लवकर बसतो.

हा आळस नाही. लक्ष टिकवणं, ऐकलेलं क्षणभर डोक्यात धरून ठेवणं, विचारांचा वेग या सगळ्यावर आजाराचा परिणाम होतो आणि भास-भ्रम गेल्यावरही तो मागे उरू शकतो. पुष्कळदा हा परिणाम आजार उघड होण्याआधीच सुरू झालेला असतो. दहावीला उत्तम मार्क मिळवणारी मुलगी बारावीत घसरते. घरचे मोबाइलला दोष देतात.

‘गोळ्यांनीच डोकं मंद झालं’ यात थोडं तथ्य आहे. काही गोळ्यांनी गुंगी येते. गोळ्यांमुळे येणारी थरथर आणि ताठरपणा कमी व्हावा म्हणून दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल स्मरणशक्तीला त्रास देऊ शकते. पण अडचणीचं मूळ बहुधा औषधांच्या आधीचं असतं, आणि मनानेच गोळ्या बंद केल्या तर आजार उलटण्याचा धोका मोठा. डोस कमी करता येईल का, गोळी बदलता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.

‘पाठ केलेलं सगळं विसरतो’ ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. स्मरणशक्तीच्या चाचणीत शब्दांची यादी पुन्हापुन्हा वाचून दाखवतात. त्यात दिसतं, की एकदा पक्कं बसलेलं बऱ्यापैकी टिकतं. गाडी अडते ती बसण्यापाशीच. तेच शब्द भाज्या एकीकडे, अवजारं एकीकडे असे लावून दिले तर जास्त आठवतात. म्हणून नुसती घोकंपट्टी करून घेऊ नका. धड्याचे तुकडे पाडा, मथळे द्या, एका वेळी एकच गोष्ट सांगा. दुकानात पाठवताना चिठ्ठी द्या.

मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्किझोफ्रेनिया या सायकोसिसच्या आजाराला ‘अकाली बुद्धिभ्रंश’ म्हटलं, आणि आता उतरणच, ही धास्ती अजून घराघरांत आहे. प्रत्यक्षात बऱ्याच जणांची बुद्धी वर्षानुवर्षं स्थिर राहते. लक्ष आणि स्मरणाचे पद्धतशीर सराव, नियमित व्यायाम यांनी फरकही पडतो.

अभ्यासात कायद्याचाही आधार मिळतो: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ मागता येतो. लाजेपोटी अनेक घरं हे प्रमाणपत्र काढतच नाहीत आणि मुलाच्या एटीकेटी साचत जातात.