पराभवातला जयघोष

इंग्लंडातील लीड्स शहरी 26 फेब्रुवारी 2022 रोजी जो प्रकार घडला, तो खेळांविषयी उदासीन असणाऱ्या वाचकांनीही लक्षात घ्यावा असा आहे. एलंड रोडच्या मैदानावर टॉटनहॅमच्या संघाने लीड्स युनायटेडवर 4 गोल चढविले; लीड्सला एकही करता आला नाही. अशा वेळी घरच्याच प्रेक्षकांनी व्यवस्थापकाच्या नावाने शिमगा करावा, ही तिकडील नित्याची रीत. परंतु त्या दिवशी प्रेक्षक व्यवस्थापक मार्सेलो बिएल्सा यांच्या नावाचा जयघोष करीत होते. दुसऱ्याच दिवशी क्लबाने बिएल्सांस निरोप दिला.

तिकडे फुटबॉलचा व्यवस्थापक म्हणजे केवळ कचेरीतील कारभारी नव्हे. खेळाडूंची निवड, त्यांचे शिक्षण, डावांची आखणी, सारे त्याच्याच शिरावर. वरिष्ठ श्रेणीत 20 संघ असतात. हंगामाअखेर तळाचे 3 संघ खालच्या श्रेणीत लोटले जातात आणि त्यांच्या उत्पन्नासही मोठी गळती लागते. 2004 साली असे खाली गेलेले लीड्स 16 वर्षे तेथेच खितपत पडले होते. 2018 साली अर्जेंटिनाचे बिएल्सा आले, 2020 साली त्यांनी संघास वर आणिले आणि पुढील हंगामात तो नवव्या क्रमांकावर राहिला.

तथापि लोकांचा जीव जडला तो केवळ विजयांमुळे नव्हे. एक तिकीट काढण्यासाठी सामान्य प्रेक्षकास सुमारे 3 तास राबावे लागते, हे कळताच त्यांनी आपल्या खेळाडूंस तितकाच वेळ कचरा वेचावयास लाविले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. 2019 च्या एप्रिलात ॲस्टन व्हिलाचा एक गडी जायबंदी होऊन पडला असता लीड्सने गोल केला. बिएल्सांस ते रुचले नाही. त्यांनी प्रतिपक्षास बिनविरोध गोल करू देण्याची आज्ञा केली. त्या वर्षी फिफाने ह्या सचोटीचा गौरव केला.

परंतु सचोटीने सामने जिंकता येतातच असे नाही. 2022 च्या फेब्रुवारीत 5 सामन्यांत लीड्सवर 20 गोल झाले. मोहरे जायबंदी होते, आणि प्रत्येक गड्याने प्रतिपक्षाच्या एकेकाचा मैदानभर पाठलाग करावा, ही आपली पद्धत सोडण्यास बिएल्सा तयार नव्हते. तळाच्या तिघांपासून संघ केवळ 2 गुण दूर राहिला. बदल अटळच होता, असे काही चाहत्यांचे मत पडले. निदान हंगाम तरी पुरा करू द्यावयाचा होता, असे इतरांचे. मात्र हळहळ दोन्ही पक्षांस सारखीच वाटली.

पुढे काय झाले? नव्या व्यवस्थापकाच्या हाताखाली 22 मे 2022 रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, ब्रेंटफर्डवर 2-1 असा विजय मिळवून संघ तगला. परंतु 2023 साली अखेर खाली गेलाच. तेव्हा चाहत्यांच्या कोणत्या पक्षाचे खरे ठरले, हे सांगणे अवघड.

आम्हांस महत्त्वाचे वाटते ते निराळेच. कामाचा हिशेब आणि उपकारांचे ऋण ही दोन खाती त्या चाहत्यांनी एकमेकांत मिसळू दिली नाहीत. कारभार दुसऱ्या हाती द्यावा, असे ज्यांस वाटले, त्यांनीही जुन्या कर्त्याचे पाणउतारे करण्याची गरज मानिली नाही. आपल्या एकत्र कुटुंबांत कोठीच्या किल्ल्या एका कमरेवरून दुसऱ्या कमरेस जातात, दुकानाची गादी वडिलांकडून मुलाकडे येते. असा बदल पुष्कळदा आवश्यक असतो. परंतु तो पटवून देण्यासाठी आपण म्हाताऱ्या माणसांच्या चुकांची उजळणी करीत बसतो, आणि तीच त्यांच्या जिव्हारी लागते. किल्ल्या घ्याव्यात, जरूर घ्याव्यात. पण त्या घेताना, आजवर हे घर कोणी सांभाळिले, हेही चार माणसांत मोकळ्या मनाने बोलून दाखवावे.