वहिनी, जरा इकडे बघा

जुने लग्नाचे अल्बम ओळीने मांडले की दागिन्यांच्या आधी नवरीची नजर दिसते. साठच्या दशकातली नवरी जमिनीकडे बघते. ऐंशीच्या दशकातली कॅमेऱ्याकडे बघते, पण दचकून. आजची भलतीकडेच बघून खळखळून हसते, आणि तसं हसण्याची तिची चांगली तालीम झालेली असते. फोटोसाठी नवरीने करायच्या तयारीचा सगळा इतिहास या तीन नजरांत सापडतो.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली. डॉ. नारायण दाजींसारखे आपले लोक त्या सुमारास कॅमेरा हाताळत होते. घरंदाज बाईने परक्या पुरुषासमोर बसायचं कसं, हा प्रश्न मात्र पुढे कितीतरी वर्षं सुटला नाही. राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. आपल्या मध्यमवर्गाने सोपी वाट काढली. लग्न होऊ द्यायचं, पाहुणे पांगले की नव्या जोडप्याला स्टुडिओत न्यायचं. मागे रंगवलेला पडदा, बाजूला फुलदाणी, एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने उभं राहायचं. शालू ट्रंकेतून पुन्हा बाहेर निघे. म्हणजे घराघरांत 'लग्नाचा फोटो' म्हणून जे टांगलेलं असतं, त्यातलं बरंचसं लग्नाच्या दिवसाचं नाहीच.

तयारी ती काय, तोंड धुऊन पावडर लावायची. पण तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांना लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे कुंकू आणि लाल शालू दोन्ही काळेकुट्ट उमटत आणि निळं पांढुरकं होई. उरलेलं काम स्टुडिओवाला निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून करी. पैसेवाल्यांकडे फोटोवर हाताने रंग भरत. काठ हिरवा, नथीवर सोनेरी ठिपका. मुलीची खरी साडी कोणती होती, हे रंगवणाऱ्याच्या मर्जीवर.

मग फोटोग्राफर मांडवात आला. 120 च्या रोलवर सहा बाय सहाच्या कॅमेऱ्यात बारा फोटो निघत आणि साठच्या दशकाअखेरीस उटीच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म मिळू लागली तरी रोल उधळायची कोणाची ऐपत नव्हती. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा, मग फेकून द्यायचा. म्हणून वडीलधारे नवरीला बजावत : डोळे मिटू नकोस, हलू नकोस, हसू तर नकोच. हसरी नवरी म्हणजे माहेर सोडायचं दुःख नसलेली नवरी, असा तेव्हाचा हिशेब. चष्मा असेल तर तो आईच्या पिशवीत जाई. त्या पिढीतल्या कित्येक जणींना आपलं लग्न धूसर दिसलं आहे, आणि फोटोत त्या नवऱ्याकडे डोळे बारीक करून बघताहेत, ते लाजून नव्हे.

रंगीत फोटो आले तशी फजिती वाढली. हळद, तेल आणि मे महिन्याचा घाम या तिन्हींवर फ्लॅश चमकतो. त्यावर पार्लरने उपाय काढला तो पॅनकेकचा, आणि तोही कातडीपेक्षा दोन छटा उजळ. चेहरा पांढराफटक, मान आणि हात मूळ रंगाचे. गोरेपणाची हौस आणि समोरून मारलेला फ्लॅश, दोघांनी मिळून एका अख्ख्या पिढीच्या चेहऱ्यांवर चुना फासला. हे मला अजून खटकतं.

पण खरी सत्तापालट केली व्हिडिओने. व्हीएचएसचा कॅमेरा खांद्यावर आणि शेजारी सनगन धरलेला पोरगा. त्या हॅलोजनच्या झोताला इतकी धग असे की मुंडावळ्यांखालून काजळ वाहू लागे. पहिल्यांदाच कोणीतरी नवरीला नावाने नाही, हुद्द्याने हाका मारू लागला : वहिनी, जरा इकडे बघा. वहिनी, हळू चाला. मंगळसूत्र घालून झालं तरी 'परत एकदा घाला, अँगल आला नाही', आणि भटजी घड्याळाकडे बघत गप्प. सप्तपदीची सात पावलं कधीकधी नऊ-दहा होत. मान खाली घालून बसलेल्या मुलीची मान वर केली ती या दटावणीने. कोणा सुधारकाला चटकन जमलं नसतं ते व्हिडिओवाल्याने केलं, हेतू भले दुसराच असेना. पुढे कॅसेटीत बदामाच्या आकारात नवरा-नवरी उगवत आणि मागे हिंदी गाणं वाजे, त्याबद्दल त्याला माफ करून टाकू.

डिजिटल आलं आणि बारा फोटोंचे हजारो झाले. जाडजूड करिझ्मा अल्बम आले. पण तयारीच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की फोटो तिथल्या तिथे बघता येऊ लागला. नवरी स्वतः परीक्षक झाली. बऱ्याच घरांत आता फोटोग्राफर तीच ठरवते, पैसेही तीच देते. मेकअपची ट्रायल होते, साडीशी नेलपेंट जुळवलं जातं. टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा दाखवतं, हे आता नवरीलाही ठाऊक असतं. 2017 च्या डिसेंबरात टस्कनीत अनुष्का शर्माने फिक्या गुलाबी लेहेंग्यात लग्न केलं, त्यानंतर आपल्या रिसेप्शनलाही फिक्या रंगांची लाट आली. मुहूर्ताची पिवळी साडी मात्र मामाकडूनच येते, तिथे फिकं काही चालत नाही. साडेबाराच्या मुहूर्ताला पहाटे पाचला खुर्चीत बसावं लागतं, आणि नाश्ता लिपस्टिकमुळे राहतो. नवऱ्याला अर्धा तास पुरतो.

प्री-वेडिंगचं प्रकरण मी थोडक्यात आवरते. लोणावळा, मुळशी, गोव्याचा किनारा आणि उसना गाऊन. काही समाजांनी त्यावर बंदीचे ठराव केले, ते फारसे कोणी पाळले नाहीत.

गौरीहराचं मात्र मनाला लागतं. मंगलाष्टकांच्या आधी पिवळ्या साडीत गौरीसमोर अक्षता वाहत बसायचं, हा नवरीच्या त्या दिवसातला एकमेव एकांत. बाहेर गडबड, आत ती आणि अन्नपूर्णा. जुन्या अल्बमांत याचा फोटो क्वचितच सापडतो, रोल मुहूर्तासाठी राखलेला असे. आता सगळ्यात जास्त फोटो इथलेच. प्रकाश मऊ, गर्दी नाही, हिरवा चुडा जवळून टिपता येतो. फोटो सुंदर येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकांत तेवढा गेला.

2020 मध्ये करोनामुळे वऱ्हाड पन्नासांवर आलं, पुढच्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पंचवीस माणसं आणि दोन तास. लग्नाला कोण आलं होतं, हे फोटोवरून ठरू लागलं. त्याआधी कँडिडच्या, म्हणजे नकळत टिपलेल्या फोटोंच्या, नादात आपण स्टेजवरचे ग्रुप फोटो हिणवले होते. जोडप्याचे दोनशे फोटो, आणि आत्येसासूबाईंचा एकही नाही, अशी भांडणं घराघरांत झाली आहेत. आता शहाण्या मुली कँडिडवाल्यासोबत एक ट्रॅडिशनलवाला ठरवतात आणि त्याच्यासाठी घराण्याची यादी आधीच लिहून काढतात : आजोळ, काका-काकू, शेजारच्या जोशीकाकू, आईच्या ऑफिसातल्या मैत्रिणी. यादी एखाद्या तोंडाळ मावशीच्या हातात द्यायची. ती पंगतीतून माणसं उठवून आणते.