लहान ट्रॅक्टर, सुलभ स्टिअरिंग : थ्रस्ट बेअरिंगचा अल्पखर्ची उपाय

भारतीय शेतीतील जमिनीचे तुकडे दिवसेंदिवस लहान होत आहेत. १९७०-७१ च्या कृषिगणनेत देशातील सरासरी धारणक्षेत्र २.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.०८ हेक्टरवर आले. एकूण खातेदारांपैकी सुमारे ८६ टक्के खातेदार अल्प व अत्यल्प भूधारक आहेत. मोठा ट्रॅक्टर अशा शेतात वळवणे अवघड आणि बाळगणे त्याहून अवघड. म्हणूनच सौराष्ट्रातील कपाशीच्या ओळींत, नाशिकच्या द्राक्षबागांत आणि इतरत्रही फळबागांतून वीस अश्वशक्तीच्या आतबाहेरचे लहान ट्रॅक्टर रुजले. केंद्र शासनाने २०१४-१५ पासून राबविलेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातही लहान शेतकरी आणि भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रे यांवर भर देण्यात आला.

यंत्र विकत घेणे हा यांत्रिकीकरणाचा पहिला टप्पा होय. ते वर्षानुवर्षे सुस्थितीत आणि चालकाच्या शरीराला पेलेल असे ठेवणे, हा दुसरा आणि बहुधा दुर्लक्षित टप्पा. लहान ट्रॅक्टरच्या जड झालेल्या स्टिअरिंगचा प्रश्न याच टप्प्यात मोडतो. ओळीच्या टोकाला पोहोचले की वळण आलेच; दिवसभरात अशी वळणे शेकड्यांनी घ्यावी लागतात. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या यंत्रात त्या प्रत्येक वळणाचा भार चालकाच्या खांद्यांवर आणि मनगटांवर पडतो. वळण अपुरे पडले तर वेलीचा बुंधा किंवा बांधाची कड सापडते.

स्टिअरिंग जड का होते?

ट्रॅक्टरचे पुढचे चाक ज्या उभ्या खुंटाभोवती डावी-उजवीकडे वळते, त्याला किंगपिन म्हणतात. किंगपिन अ‍ॅक्सलच्या टोकाशी असलेल्या नळीत बसते. ती आडवी डगमगू नये म्हणून नळीत बुश असतात. मात्र ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाचे वजन बुशांवर नव्हे, तर नळीची खालची कड आणि किंगपिनचा खांदा यांच्या सांध्यावर येते. मोठ्या ट्रॅक्टरांत या जागी थ्रस्ट बेअरिंग बसविण्याची पद्धत जुनीच आहे. अनेक लहान यंत्रांत मात्र खर्च वाचविण्यासाठी तेथे साधे वॉशर असते. अमेरिकेत घराभोवतीच्या बागेसाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरांतही हीच रचना आढळते, आणि तेथील हौशी मालकांनी वॉशरच्या जागी स्वस्त थ्रस्ट बेअरिंग बसविण्याचा उपाय रूढ केला आहे.

साध्या आकडेमोडीने फरक स्पष्ट होईल. ८०० किलो वजनाच्या ट्रॅक्टरचे ४० टक्के वजन पुढे येते असे धरल्यास प्रत्येक पुढच्या चाकाच्या सांध्यावर सुमारे १६० किलो भार पडतो. ग्रीस दिलेल्या वॉशरचा घर्षणांक ०.१५ मानला तर त्या सांध्यात २४ किलोंचा विरोध निर्माण होतो. ग्रीस आटले, गंज चढला आणि घर्षणांक ०.४ झाला, की तोच विरोध ६४ किलोंवर जातो. घसरण्याऐवजी गडगडणाऱ्या छऱ्यांच्या बेअरिंगमध्ये मात्र घर्षणांक ०.००३ च्या आसपास असतो. म्हणजे विरोध अवघा अर्धा किलो. पुढे लोडर किंवा जादा वजने लावली असतील, तर हे अंतर त्याच प्रमाणात वाढते.

हे तत्त्व ग्रामीण भागात अपरिचित नाही. सायकलच्या हँडलखाली वाटीत बसविलेले छर्रे हेच काम करतात. ते काढून तेथे चकती घातली, तर हँडल किती जड फिरेल याची कल्पना कोणालाही करता येईल.

निवड कशी करावी?

थ्रस्ट बेअरिंगचे दोन प्रकार येथे उपयोगी पडतात. पहिला छऱ्यांचा. याच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक पाचाने गुणले की आतील व्यास मिळतो : ५११०४ म्हणजे २० मिलिमीटर, ५११०५ म्हणजे २५ मिलिमीटर. यांची उंची अनुक्रमे १० आणि ११ मिलिमीटर असते. दुसरा प्रकार नीडल बेअरिंगचा. त्यात छऱ्यांऐवजी पिंजऱ्यात बसविलेल्या बारीक सुया असतात. २० मिलिमीटर किंगपिनसाठी सुयांचा पिंजरा २ मिलिमीटर आणि वरखालच्या दोन चकत्या प्रत्येकी १ मिलिमीटर, अशी एकूण उंची केवळ ४ मिलिमीटर होते.

लहान ट्रॅक्टरात ही उंचीच निर्णायक ठरते. जुने वॉशर ३-४ मिलिमीटरचे असेल, तर नीडल बेअरिंग जवळजवळ काही न बदलता बसते. छऱ्यांचे बेअरिंग मात्र किंगपिन खाली ढकलते. मग वरची क्लिप किंवा स्टिअरिंगचा आर्म जागेवर बसत नाही. जागा करण्यासाठी किंगपिनचा खांदा लेथवर उतरविण्याचा मोह टाळावा, कारण तेथेच तिला सर्वाधिक ताण सोसावा लागतो.

भारक्षमतेची चिंता नसावी. या मापाच्या बेअरिंगची स्थिर भारक्षमता दोन टनांहून अधिक असते. खड्ड्यांतील धक्के पाचपट धरले, तरी १६० किलोंचा भार ८०० किलोंच्या पुढे जात नाही.

बसविताना घ्यावयाची काळजी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून मागच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि पुढचा भाग भक्कम स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर चाक काढू नये. चाक हातात धरून हलविल्यास खटखट होत असेल, तर आधी बुश बदलावेत. थ्रस्ट बेअरिंग उभा भार घेते, आडवा नव्हे. झिजलेल्या बुशांवर ते बसविले तर भार एका कडेला पडून ते अल्पावधीत निकामी होते.

सुया किंवा छर्रे थेट मऊ पोलादावर फिरू देऊ नयेत, ते त्यात खळगे पाडतात. कठीण केलेल्या चकत्या दोन्ही बाजूंना हव्यातच. छऱ्यांच्या बेअरिंगची एक चकती किंचित सैल असते. घट्ट चकती खाली किंगपिनच्या खांद्यावर आणि सैल चकती वर अ‍ॅक्सलच्या बाजूला यावी. खांद्याच्या कोपऱ्यातील गोलाईवर चकती अडकत नाही ना, हेही पाहावे. जोडणीनंतर टाय रॉडचे सांधे आणि दोन्ही चाकांची पुढून-मागून जुळणी तपासावी.

मर्यादा

हा उपाय सर्वत्र सारखाच लागू पडत नाही. ट्रॅक्टर जागेवर उभा असताना स्टिअरिंग फिरविले, तर मुख्य विरोध टायर जमिनीवर घासण्याचा असतो. तो बेअरिंगने कमी होत नाही. बेअरिंगचा खरा लाभ यंत्र चालते असताना जाणवतो. म्हणून यंत्र किंचित पुढे सरकवीत वळविण्याची सवय आणि टायरमधील योग्य हवा यांना पर्याय नाही.

दुसरी मर्यादा चिखलाची. ओडिशा, आसाम किंवा कोकणातील भातखाचरांत चिखलणी करणाऱ्या यंत्रात उघडे बेअरिंग पाणी व गाळ शिरून लवकर सडते. अशा ठिकाणी ग्रीस दिलेले ब्राँझचे वॉशरच अधिक टिकाऊ. बेअरिंग बसवायचेच असेल, तर भोवती रबरी सील आणि चिखल बाहेर लोटण्यापुरते वारंवार ग्रीस अनिवार्य आहे. हमीच्या मुदतीतील नव्या ट्रॅक्टरमध्ये विक्रेत्याशी बोलल्याशिवाय बदल करू नये. बनावट बेअरिंगपासून बचावासाठी पावतीसह खरेदी करावी.

कौशल्याची गरज

दोन्ही बाजूंच्या बेअरिंगचा खर्च काही शे रुपयांत भागतो. खरी उणीव आहे ती मोजमाप करून योग्य भाग निवडणाऱ्या हातांची. मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ पासून ट्रॅक्टर प्रशिक्षणाचे केंद्र आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकविला जातो. अशा प्रशिक्षणात व्हर्नियरने किंगपिन मोजणे, क्रमांकावरून बेअरिंग ओळखणे आणि कोणत्या शेतात ते बसवू नये हे सांगता येणे, यांचा समावेश झाला, तर गावातील मेकॅनिक हाच यांत्रिकीकरणाचा भक्कम आधार ठरेल. अवजार केंद्रातील एकच ट्रॅक्टर अनेक चालक हाताळतात. त्यांत वयस्क असतात, आणि स्त्रियाही असतात. स्टिअरिंग हलके झाले, तर त्या यंत्रावर बसू शकणाऱ्यांची संख्या वाढेल. आणि यांत्रिकीकरणाचा लाभ खऱ्या अर्थाने लहान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचेल.